रत्रुवायची चाचणी

दि. ३ फेब्रुवारी

चि. खिट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल दुपारी पोचलं. पाकीट एका कोपऱ्यात चेमटलं होतं, पण आतला मजकूर शाबूत आहे. नऊ वर्षं तू आईला पत्रं लिहिलीस आणि तळाशी ‘बाबांना नमस्कार’ एवढ्या दोन शब्दांत मला बसवलंस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बसायला जागा पुरत होती. या वेळी पाकिटावर थेट माझं नाव पाहून मी चष्मा पुसला, ते नेमकं तुझ्या आईने पाहिलं, आणि तेव्हापासून घरात मला चैन पडू दिलेलं नाही.

एप्रिलच्या सहा तारखेला येतेस आणि तीन आठवडे राहणार हे वाचून बरं वाटलं. तुझ्या खोलीतला माझा सगळा पसारा हलवतो. जुन्या बिजागऱ्यांचे चार खोके तिथे आहेत, ते कुठे न्यायचे हा प्रश्न आहे, कारण आई म्हणते नदीत.

आता मुद्द्याचं. पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस की, बाबा, आपली रत्रुवाय कशी होईल याचाच विचार करत असते. हा शब्द फ्रेंच आहे एवढं कळवलंस, अर्थ मात्र कळवला नाहीस. आई म्हणाली, भेट म्हणायचं असेल हो. तसं असतं तर तू भेट लिहिलं असतंस, तुला मराठी येतं. मी वाचनालयात गेलो. तिथल्या बाईंनी शिडी लावून फ्रेंच शब्दकोश काढला. त्यात ‘दीर्घ विरहानंतरची भेट’ असं दिलंय. दीर्घ म्हणजे किती? कारखान्यात असा मोघम कागद कुणी आणला असता तर मी तो उभ्या उभ्या परत पाठवला असता.

तुला माहीतच आहे, चाळीस वर्षं मी बिजागऱ्या तपासल्या. दार उघडायचं, लावायचं, आकडा मोजायचा. पन्नास हजार उघडझापी झाल्याशिवाय माझ्या हातून एकही बिजागरी पास झालेली नाही. तेव्हा सहा एप्रिलला माझ्या दारात जे उतरणार आहे ते काय आहे, किती जड आहे आणि कसं धरायचं, हे आधी कळलेलं बरं. मागच्या वेळी मी तयारीशिवाय दारात उभा होतो आणि काय झालं ते तू जाणतेस. या वेळी चूक व्हायला नको, एवढीच माझी काळजी आहे.

तरी शब्दाचा तपशील आणि वापर उलट टपाली कळवावा. आईचे आशीर्वाद. लोभ आहेच, तो मोजायचं साधन माझ्याकडे नाही.

तुझा,
बाबा


दि. १२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून इतकी हसले की तोंडातल्या टाचण्या सांडल्या. शब्दाला ‘किती जड’ विचारणारे तुम्ही पहिलेच. मी नाट्यगृहाच्या पोशाखांच्या कोठारात काम करते हे आईने सांगितलं असेल. बटणं, अस्तरं, फाटकंतुटकं सगळं माझ्याकडे. तेव्हा तुम्ही बिजागरीवाले आणि मी बटणवाली, आपल्या घराण्यात कुणी मोठं काही जोडलं नाही, पण जे जोडलं ते टिकतं.

आता तपशील. रत्रुवाय म्हणजे लांब पडलेली माणसं बऱ्याच काळाने एकमेकांना पुन्हा सापडतात ती भेट, आणि तिचा आनंद, दोन्ही एकदम. वापर असा की पाव आणायला गेलेला माणूस पाव घेऊन आला तर त्याला कुणी रत्रुवाय म्हणत नाही. शाळेतल्या मैत्रिणी म्हातारपणी भेटल्या तर म्हणतात. आपल्याकडे पुनर्भेट आहे, पण तो शब्द दवाखान्याच्या कागदावरचा वाटतो. गळाभेट आहे, पण ती काय, लग्नात कुणाचीही घेतात. माझ्या वरच्या शिवणकामवाल्या बाई म्हणतात की हा शब्द नेहमी अनेकवचनातच चालवायचा, कारण हे काम एकट्याने होत नाही.

मला तो कसा कळला ते सांगते. आमच्या नाटकात तिसऱ्या अंकात आई आणि मुलगा वीस वर्षांनी भेटतात. त्या प्रवेशाला सगळे नुसतं रत्रुवाय म्हणतात. आईचं काम करणारी नटी मुलाची बाही अशी घट्ट धरते की खांद्यापाशी शिवण उसवते. रोज उसवते, रोज मी शिवते. प्रयोग संपला की दिग्दर्शक कोठारात डोकावून विचारतात, आज किती? मी उसवण बोटांनी मोजून सांगते. चार बोटं म्हणजे प्रयोग चांगला झाला. एक बोट म्हणजे लोक खोकत होते. मी बाही पक्की दुहेरी शिवून दिली होती एकदा, तर मलाच बोलणी बसली.

बाबा, मागच्या वेळचं तुम्ही काढलंत म्हणून लिहिते. तुम्ही लावून दिलेली कारखान्यातली नोकरी मी तीन आठवड्यांत सोडली, भांडण झालं, आणि मी बॅग घेऊन निघाले तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘जाताना दार नीट ओढून घे.’ मी ओढून घेतलं. नऊ वर्षं माझ्या कानात तेवढंच वाक्य आहे. मला तयारी नको, फक्त या वेळी दुसरं काहीतरी बोला. काहीही चालेल.

आईला सांगा, लोकरीचं आणते आहे. तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारी,

खिट्टी


दि. २१ फेब्रुवारी

चि. खिट्टीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. ते वाक्य मीही विसरलेलो नाही. त्यावर आत्ता काही लिहीत नाही, कारण लिहायला बसलो की ‘दार’ या शब्दाच्या पुढे पेन जात नाही.

म्हणून काम सुरू केलं. तुझ्या तपशिलात ‘बऱ्याच काळाने’ हा भाग सैल आहे. तो घट्ट केल्याशिवाय मला झोप नाही. चाचणीचा फॉर्म तयार केला, वर रत्रुवाय लिहिलं, खाली दूर राहिल्याचा काळ, दार उघडल्यावर काय वाटलं, पहिलं वाक्य काय निघालं, अशा जागा ठेवल्या. नमुना म्हणून घरात तुझी आईच उपलब्ध आहे.

पहिली चाचणी चाळीस मिनिटांची. आई भाजीला गेली. परत आली, मी दार उघडलं. वाटलं असं की पिशवी जड दिसते. पहिलं वाक्य, ‘साबण आणलास का?’ नापास. दुसरी चाचणी पूर्ण दिवसाची. आई सकाळी तुझ्या शाळेतल्या जुन्या बाईंकडे गेली ती संध्याकाळी आली. घंटा वाजली तेव्हा मी फॉर्म शोधत होतो, म्हणून तिला परत जिना उतरून यायला सांगितलं. दुसऱ्यांदा पेन चाललं नाही. तिसऱ्यांदा सगळं जमून आलं होतं, पण आईच्या चेहऱ्यावर आनंद अजिबात नव्हता. चौथ्यांदा ती आलीच नाही, वरच्या शिंपीमास्तरांकडे जाऊन बसली.

मास्तरांनी सहकार्य केलं आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी माझी छत्री नेली होती, ती या निमित्ताने परत आणून दिली. छत्री हातात घेतल्यावर मला खरंच भरून आलं. पण छत्रीला काही वाटलं की नाही हे कळायला मार्ग नाही, आणि तू लिहिलंस की एकट्याचं चालत नाही, म्हणून तो नमुना बाद करावा लागला. हळहळ वाटली.

निष्कर्ष असा की काळ कमी पडतो. येत्या एक तारखेपासून आईला तुझ्या मावशीकडे आठ दिवस पाठवत आहे. ती आनंदाने तयार झाली, हे जरा संशयास्पद आहे. बाकी सर्व ठीक. आमच्यावर राग नसावा, असला तर मनात धरून ठेवू नये.

तुझा,
बाबा


दि. ३ मार्च, मुक्काम मावशीकडे

चि. खिट्टी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या शब्दाने माझ्या संसाराचा खेळखंडोबा केला आहे. मी सध्या तुझ्या मावशीच्या गच्चीवर पाय पसरून हे लिहिते आहे. मला इथे आठ दिवस हद्दपार केलं आहे, म्हणजे नवव्या दिवशी दार उघडून तुझे बाबा मला बघतील आणि कागदावर लिहून घेतील की त्यांना काय वाटलं. अगं, सदतीस वर्षांत या माणसाने मला कधी विचारलं नाही की तुला काय वाटतं, आणि आता स्वतःला काय वाटतं ते शोधायला मला जिना चढायला-उतरायला लावतो. गुडघे माझे.

तुझ्या बाबांचं डोकं सरकलंय असं समजू नकोस, ते पूर्वीपासून असंच आहे. पण एक गोष्ट तुला सांगते, त्यांना सांगू नकोस. निघायच्या आदल्या दिवशी मी कपाट उघडायला गेले तर हे आरशासमोर उभे. हात अर्धवट पुढे केलेले, जणू जड खोका कुणाकडून घेतायत. आणि पुटपुटत होते, ये, आलीस का, ये ग, बस. चार वेगवेगळ्या पट्ट्यांत. मला पाहिल्यावर म्हणाले, कपाटाची बिजागरी बघत होतो.

भीती वाटते ग त्यांना. तू दारात आलीस आणि तोंडातून पुन्हा भलतंच निघालं तर, ही भीती आहे. त्यांनी तुझ्यासाठीही एक फॉर्म करून ठेवलाय. वर लिहिलंय, अंतिम चाचणी, सहा एप्रिल, काळ नऊ वर्षं. बाकीचं कोरं आहे. मला ते पाहून हसू आलं, मग तो कागद मी होता तिथेच जपून ठेवला.

मी मात्र आठ दिवसांत परत जाणार नाही असं मनात ठरवलं आहे. मावशीकडे गच्ची आहे, ऊन आहे, आणि घंटा वाजवून दाखव म्हणणारं कुणी नाही. मावशीचे आशीर्वाद. तुझ्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,

तुझी,
आई


दि. १२ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र मिळालं. फॉर्मचं कळलं.

बाबा, छत्रीपर्यंत मी हसत होते. पण अंतिम चाचणी, काळ नऊ वर्षं? कारखान्यात त्या तीन आठवड्यांत तुम्ही रोज संध्याकाळी माझ्या कामावर शेरा मारायचात. मी लावलेल्या दारांपैकी किती पास, किती बाद. मुलगी म्हणून एक दिवस काही विचारलं नाहीत. मी तिथून निघाले ती त्या शेऱ्यापासून निघाले. एवढं अंतर कापून मी पुन्हा त्याच टेबलावर येऊन पडायचं का? मी नमुना नाही, बाबा. माझ्यात काही सैल निघालं तर तुम्ही काय करणार, परत पाठवणार?

नाट्यगृहात सहा प्रयोग वाढले आहेत. तिकीट ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलता येतं, फक्त महिनाअखेरीच्या आत कळवावं लागतं. मी बहुधा तसंच करेन. आईला वाईट वाटेल, तुम्ही तिला नीट सांगा.

राग नाही, थकवा आहे. नमस्कार.

खिट्टी


दि. १३ मार्च

तुझ्या मावशीच्या... चुकलं. खिट्टीच्या मावशीच्या घरी राहणाऱ्या खिट्टीच्या आईस,

तुला आजवर पत्र लिहायची वेळ आली नाही, त्यामुळे मायना काय घालावा हे माहीत नाही. वाचनालयातल्या बाईंना विचारलं, तर त्यांनी ‘प्रिय’ सुचवलं आणि स्वतःच लाजल्या. रिकामी जागा सोडतो, तू भरून घे.

नऊ तारखेला आठ दिवस पूर्ण झाले. मी सकाळी सातपासून दाराशी खुर्ची टाकून तयार होतो. संध्याकाळपर्यंत घंटा पाच वेळा वाजली. दूधवाला, मास्तर, मीटर बघणारा, पुन्हा मास्तर आणि शेजारचं मांजर, ज्याने घंटा वाजवली नाही पण ओरडलं. पाचही वेळा मी उठलो तेव्हा छातीत काहीतरी झालं, आणि दार उघडल्यावर ते खाली बसलं. हे फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात घालायचं हे कळत नाही, कारण तू आलेलीच नव्हतीस.

इतर निरीक्षणं अशी. चहाचे कप रोज दोन काढले जातात. एक परत ठेवतो. उशी दोन्ही बाजूंनी आपटतो. काल भाजीवाल्याने तुझी चौकशी केली तर मी उगाच म्हणालो, आत आहे. खोटं का बोललो माहीत नाही.

आज तेरावा दिवस चालू आहे. चाचणीची मुदत ओलांडलेली आहे. तरी विनाविलंब परत यावं. मागे कुकर वाजतोय असं वाटतंय, तो वाजत नाही. मी गॅसवर काही ठेवलेलंच नाही.

कळावे.

(सहीच्या जागी काय लिहायचं, हाही प्रश्न आहे.)


दि. १६ मार्च

स्वारीस,
सा. न. वि. वि.

मायन्याची रिकामी जागा मी भरली आहे. काय भरलं ते सांगणार नाही.

तुमच्या चाचणीत मोठी खोट आहे आणि ती तुम्हाला दिसत नाही याचं मला नवल नाही, कारण तुम्ही तिच्या आत बसलेले आहात. आयुष्यभर तुम्ही दाराच्या आतल्या बाजूला उभे. बाहेर जाणारे आम्ही, घंटा वाजवणारे आम्ही, आणि काय वाटलं ते लिहून घेणारे तुम्ही. बाहेरून ते दार कसं दिसतं हे तुम्हाला ठाऊक आहे का? खिट्टी त्या दिवशी बाहेरच्या बाजूला होती. तुम्ही आत होतात. तुमच्यासाठी दार लागलं, तिच्यासाठी घर लागलं.

मी येणार नाही. तुम्ही या. पत्ता तुमच्याकडे आहे, बस चौकातून सुटते, तिकीट काढायला फॉर्म लागत नाही. मावशीचा नमस्कार, ती म्हणते भावजींना डोंगर उतरल्यावर तिसरं घर सांग, नाहीतर ते पहिल्या दोन घरांच्या बिजागऱ्या तपासत बसतील.

तुमची वाट बघत नाही असं दाखवणारी,
मी


दि. २३ मार्च

चि. खिट्टीस,
अ. उ. आ.

तुझं बारा तारखेचं पत्र वीसला मिळालं. उत्तराला तीन दिवस लागले, कारण त्यातला एक दिवस मी घराबाहेर होतो. तो सगळा वृत्तांत कळवतो, शेरा तू मार.

आई म्हणाली, बाहेरून दार बघा. म्हटलं ठीक. एकवीस तारखेला दुपारी जेवण झाल्यावर तू नेली होतीस तसली एक बॅग घेतली, वजन यावं म्हणून तिच्यात बिजागऱ्या भरल्या, जिन्यावर जाऊन उभा राहिलो. मग माझ्याच आवाजात मोठ्याने म्हणालो, जाताना दार नीट ओढून घे. आणि ओढलं. ते लागलं. फार सुरेख लागलं, मी स्वतः बसवलेलं दार आहे. किल्ली आत, दुसरी किल्ली आईबरोबर.

खिट्टी, त्या वाक्यानंतर जिना इतका मोकळा वाटतो याची मला कल्पना नव्हती. मी पायरीवर बसलो. मास्तरांनी वरून चहा आणला, कुलूप तोडू का म्हणाले. मी नको म्हटलं. तासभर मी त्या दाराकडे बघत होतो. चाळीस वर्षं मी दार या वस्तूकडे बघितलं, पण बंद दाराच्या बाहेर बॅग घेऊन बसलो नव्हतो. मला रडू आलं. मास्तरांनी ते पाहिलं आणि चहात साखर कमी पडली का असं विचारलं.

शेवटी किल्लीसाठी बस धरली. पायात घरच्या चपला, हातात बिजागऱ्यांची बॅग. तीन तासांनी तिसरं घर सापडलं. आई फाटकापाशी कपडे वाळत घालत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग चपलांकडे पाहिलं, आणि आत वळून मावशीला म्हणाली, एक कप वाढव. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. पहिलं वाक्य काय निघालं तेही आठवत नाही. फॉर्म घरी राहिला होता आणि त्याची आठवणही झाली नाही.

आता तुझ्या पत्राचं. कारखान्यात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच वाक्य सांगायचो, दार नीट ओढून घे, कारण अर्धवट राहिलेल्या दाराचं सगळं वजन वरच्या बिजागरीवर येतं आणि ती झिजते. दाराशी उभं राहून बोलायचं दुसरं वाक्य मी शिकलोच नव्हतो. तू निघालीस तेव्हा माझ्या मनात होतं, जाऊ नकोस. ते तोंडात आलं आणि बाहेर पडताना त्याचं ते दुसरं झालं. तुझ्या कामावर मारलेले शेरे मला आठवतात. तुझी सगळी दारं पास होती. सरळ पास म्हटलं तर तू शिकणं थांबवशील असं मला वाटायचं. चूक माझी होती.

अंतिम चाचणीचा फॉर्म फाडला. शब्द जसा आला तसा परत करतो, एक ओरखडा नाही. तू आलीस तर बरं. नाही आलीस तर ऑक्टोबर. ऑक्टोबरलाही जमलं नाही तर मी येईन, आता मला बाहेर पडता येतं.

तुझा,
बाबा


दि. ३० मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न.

सहा तारखेलाच येते, म्हणून हे जलद टपालाने पाठवते. तिकीट ढकललं नाही. पत्र पोशाखांच्या कोठारात बसून वाचलं आणि एका राजाच्या अंगरख्याला डोळे पुसले, तो आता धुवायला टाकलाय.

एक विनंती. दारात उभे राहू नका. मला हसू येईल किंवा रडू येईल, आणि बॅग जड आहे. भेटीची उतावळी,

खिट्टी


दि. ८ एप्रिल

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी भाची सुखरूप पोचली. तुझ्याकडून परत येताना मी आणलेलं लोणी खिट्टीला आवडलं. आता जे झालं ते ऐक, आणि वाचताना तोंडात पाणी धरू नकोस.

दारात उभे राहू नका असं तिने कळवलं होतं. यांनी दोन दिवस विचार केला. पाच तारखेला सकाळी मी उठले तर घरात गार वारा. बघते तर दारच नाही! रात्री नाही ग, भल्या पहाटे, मास्तरांना धरून यांनी बिजागऱ्यांसकट दार उतरवलं आणि पॅसेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवलं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, दार असलं की मी त्यात जाऊन उभा राहणार, माझा काही भरवसा नाही. शिवाय दार नसलं की ते वाक्य बोलता येत नाही. दीड दिवस आम्ही बिनदाराच्या घरात राहिलो. मांजर चार वेळा स्वयंपाकघरात येऊन गेलं. दूधवाल्याने पिशवी चौकटीला टांगली आणि काही न विचारता गेला, सवय झाली आहे सगळ्यांना.

सहाला दुपारी हे नवा शर्ट घालून आतल्या खोलीत बसले, हात मांडीवर. जिन्यावर बॅगेची चाकं वाजली. खिट्टी चौकटीपाशी येऊन थांबली. घंटा दाराबरोबर निघाली होती, काय वाजवणार? तिने विचारलं, कुणी आहे का घरात? आणि धाकटे, इतकी तयारी, इतके फॉर्म, आरशासमोरची ती सगळी तालीम, आणि यांच्या तोंडून आतून काय निघावं? ‘दार उघडंच आहे.’

पोरीने रिकाम्या चौकटीकडे पाहिलं, भिंतीला टेकवलेल्या दाराकडे पाहिलं आणि ती जी हसत सुटली ती तशीच आत येऊन यांच्या अंगावर कोसळली आणि मग रडायला लागली. यांची बाही तिने मुठीत अशी धरली होती की सोडवता सोडेना. चर्र असा आवाज झाला. नवा शर्ट, खांद्यापासून गेला. मी बोलणार होते, तर हिने तिथल्या तिथे डोळे पुसत उसवण बोटांनी मोजली. सहा! म्हणाली, आमच्या नटीला एवढी कधी जमली नाही. यांनी मान हलवली, जसं काही त्यांना सगळं कळतंय.

संध्याकाळी दोघांनी मिळून दार परत चढवलं. एकाने उचलून धरायचं, दुसऱ्याने स्क्रू पिळायचे. यांनी स्क्रू तिच्या हातात दिले आणि स्वतः दार धरून उभे राहिले. दर स्क्रूनंतर म्हणत होते, पास. मला उगाच स्वयंपाकघरात काम निघालं. तू लवकर ये. असाच जीव लावत राहा.

तुझी,
ताई


दि. २९ एप्रिल

चि. खिट्टीस,
अ. उ. आ.

तू सुखरूप पोचली असशील. इकडचं कळवतो.

सत्तावीसला तुला सोडायला मी जिन्यापर्यंत येणार होतो, मग जिना उतरलो, मग फाटक ओलांडलं, मग बसथांब्यापर्यंत आलो, ते तुला माहीत आहे. बस वळल्यावर मी आणि आई परत आलो. दार लागलेलं. वाऱ्याने ओढलं होतं, तू स्क्रू फार छान पिळले आहेस. किल्ली दोघांचीही आत. आईने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघं पायरीवर बसून हसलो. मास्तरांनी वरून चहा आणला, या वेळी दोन कप. संध्याकाळपर्यंत कुलूपवाला आला.

वाचनालयातल्या बाई भेटल्या. त्यांनी विचारलं, शब्द कळला का शेवटी? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मग आम्हालाही सांगा, मराठीत काय म्हणतात? मी खांदा पुढे केला आणि त्यांना फाटकी बाही दाखवली. त्या घाबरल्या असाव्यात, पण घरी जाताना मागे वळून हसल्या.

शर्ट अजून तसाच आहे. तू जाता जाता शिवून देते म्हणालीस, मी नको म्हटलं, तेव्हा तुझा चेहरा पडला होता. कारण तेव्हा सांगितलं नाही, आता लिहितो. काल शिंपीमास्तर म्हणाले, काढा अंगातून, दोन मिनिटांचं काम आहे. मी त्यांना हात लावू दिला नाही. म्हटलं, मास्तर, शिवणारी यायची आहे.

कधी येतेस ते कळव. बाहीत वारा शिरतो.

तुझा,
बाबा